पात्यातून काय काय जातं

ॲल्युमिनिअम. विमानाच्या इंजिनातल्या टर्बाइनच्या निकेल-पात्यात ते वजनाने 100 भागांत 5-6 भागच असतं, पण 1000 अंश सेल्सिअसच्या पुढे पातं तगतं ते त्याच्या जिवावर. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो, काही मायक्रोमीटर जाडीचा. मग ऑक्सिजनला आत शिरणं फार अवघड होतं.

हा पापुद्राही जातो. इंजिन थंड होताना निकेल जास्त आकसतं, ऑक्साइड कमी. ताण अनावर झाला की पोपडे उडतात. पुढच्या उड्डाणात नवा पापुद्रा, त्यासाठी पुन्हा आतलंच ॲल्युमिनिअम. प्रयोगशाळेत तुकडा वारंवार तापवून, निववून तोलतात. आधी वजन वाढतं, कारण ऑक्सिजन येऊन चिकटलेला असतो. मग घटू लागतं.

गॅमा प्राइम. तीन निकेल, एक ॲल्युमिनिअम अशा रचनेचे सूक्ष्म घन. पात्याची ताकद मुख्यतः त्यांची. ॲल्युमिनिअम वर निघून गेलं की पापुद्र्याखालचे घन विरघळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे कोरी पट्टी दिसते. कौतुक पापुद्र्याचं होतं, पण लक्ष ठेवायला हवं ते या पट्टीवर. आतून हवा खेळवलेल्या पात्यांच्या भिंती पातळ, म्हणून ॲल्युमिनिअमचा साठाही तुटपुंजा. तो संपला की निकेलचाच ऑक्साइड वाढू लागतो, आणि झपाट्याने वाढतो.

क्रोमियम. 1940च्या दशकात ब्रिटनमध्ये घडवलेल्या निमोनिक या निकेल-मिश्रधातूत सुमारे 20 टक्के. तिसऱ्या पिढीच्या एकस्फटिकी सीएमएसएक्स-10मध्ये सुमारे 2. जागा रेनियमला दिली. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंज सोसायला मात्र क्रोमियमच लागतं, त्यामुळे ही काटकसर मला महागाची वाटते.

स्फटिकांमधल्या सीमा, त्या बळकट करणारं बोरॉन, झिर्कोनियम: एकस्फटिकी पात्यांतून बहुतेक हद्दपार.

गंधक. हे मात्र जायलाच हवं. 10 लाखांत काही भाग एवढंच असलं तरी ते पापुद्रा आणि धातू यांच्या सांध्यात जमतं आणि पकड सोडवतं. यिट्रियम घातलं की पापुद्रा टिकतो हे ठाऊक होतं. का टिकतो, यावर मतं अनेक होती. 1980च्या दशकात क्लीव्हलँडच्या नासा प्रयोगशाळेत जेम्स स्मायलेक यांनी यिट्रियम न घातलेला तुकडा तापवला, पापुद्रा घासून काढला, पुन्हा तापवला. असं कितीतरी वेळा. दर फेरीत थोडं थोडं गंधक निघून गेलं. शेवटी धरलेला पापुद्रा निवतानाही सुटला नाही.