पाला नसता तर?

शेवग्याच्या पाल्याच्या अर्कातून कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण तयार होतात म्हटलं की ऐकणाऱ्याला अप्रूप वाटतं. मलाही वाटतं. पण त्यातलं श्रेय पाल्याचं किती, हे तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गाळलेल्या अर्कात कॉपर नायट्रेट घालून मंद आचेवर ठेवलं की मिश्रण आटत आटत काकवीसारखं होतं. मग क्रुसिबलमध्ये घालून ४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत. क्रुसिबल अर्धंसुद्धा भरू नये, लगदा फसफसून वर येतो. नायट्रेट ऑक्सिजन पुरवतं, पाल्यातली साखर आणि पॉलिफिनॉल जळतात आणि सुटणाऱ्या वायूंमुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. हाती येते हलकी, काळी भुकटी. नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूरही निघतो. पद्धतीला ‘हरित’ म्हणतात म्हणून हे काम फ्यूम हूडबाहेर करू नये.

आता खरी गोम. कॉपर नायट्रेट नुसतं तापवलं तरी कॉपर ऑक्साइडच उरतं! म्हणून बिनपाल्याची भुकटी त्याच भट्टीत, त्याच दिवशी झालीच पाहिजे, असा माझा हट्ट असतो.

दोन्ही भुकट्यांची गाठ पडते इलेक्ट्रोडवर, ग्लुकोज ओळखण्याच्या कसोटीत. ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अल्युमिना पावडरीवर, ओल्या पॅडवर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायचा. जोर लावायचा नाही, मनगट सैल. तोंड आरशासारखं लखलखलं की भुकटीच्या द्रावाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा आणि सावकाश सुकू द्यायचा. घाई केली की कण कडेला गोळा होतात आणि मध्य उघडा पडतो. मग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये इलेक्ट्रोड बुडवून ग्लुकोज सोडलं की विद्युतप्रवाह पायरी पायरीने चढतो. एन्झाइम लागत नाही, ही या ऑक्साइडची मोठी गंमत. पण फ्रुक्टोजलाही ते प्रतिसाद देतं, तेव्हा फ्रुक्टोज, क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल घालून पाहिल्याशिवाय त्याला सेन्सर म्हणायला मी तयार नसते.

पाल्याची भुकटी जास्त प्रवाह देते तेव्हा तो क्रियाशील क्षेत्रफळाने भागून पाहावा. फरक मिटला, तर पाल्याने कण सुटे ठेवले, एवढंच त्याचं काम. तेही मला थोडं वाटत नाही. फरक उरला, तर राखेतलं पोटॅशियम, कॅल्शियम तपासायला घ्यावं. आणि चैत्रातला पाला श्रावणातल्यासारखा नसतो, म्हणून अर्काच्या बाटलीवर तारखेबरोबर झाडाचा ठावठिकाणाही लिहायचा.