काचेआड की हातात?

पावणेचार इंचांचा माणूस घरात आणताय? मग आधी एक ठरवा : तो शोकेसमध्ये उभा राहणार की गादीवर लढणार? दोन्हीला एकच चालेल असं वाटत असेल, तर बॉस, जरा थांबा!

माझं या विषयातलं शिक्षण दादाच्या जी.आय. जोंवर झालं. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये हा सैनिक आणला तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता. मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत, म्हणून त्याला म्हटलं 'अ‍ॅक्शन फिगर'. १९८२ मध्ये तो पावणेचार इंचांचा झाला आणि नव्वदच्या दशकात फनस्कूलमुळे आपल्याकडच्या दुकानांतही दिसू लागला.

तर फंडा असा. शोकेससाठी घेताना रंगकाम बघा, सोबतच्या बंदुका-बॅगा मोजून घ्या. तळपायाला भोक असलं की स्टँडवर मस्त उभा राहतो. फक्त ऊन टाळा, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. खेळायला घेताना मात्र सांधे बघा. जुन्या जोच्या पोटात एक रबरी रिंग असते. धड आणि पाय तिनेच धरलेले. ती तुटली की कमरेतून दोन तुकडे! पण पाठीचा स्क्रू काढून नवी रिंग घातली, की पठ्ठ्या पुन्हा ड्यूटीवर. अंगठा मात्र तुटला की तुटलाच, त्यामुळे हातात बंदूक कोंबायची नाही. आणि तीन वर्षांखालच्या पिल्लांपासून हे सगळं लांब.

एवढं ज्ञान असूनही सध्या आमच्या घरी एका जोवरून वाद पेटलाय. दादाकडचा हा एकच अजून पाकिटात आहे. बाबांनी आणलेला शेवटचा. ते गेले, आणि पाकीट उघडायचं राहूनच गेलं. आता दादाची सहा वर्षांची लेक विचारते, 'आत्या, हा बाहेर कधी येणार?'

दादा म्हणतो, 'बंद आहे म्हणून टिकलाय.' मी म्हणते, रबर पाकिटातही वाळतं. विकायचा तर नाहीच, मग ही मिंट कंडिशन कोणासाठी? 'टॉय स्टोरी २' (१९९९) मधला पीट आठवा. कधीच कोणी खेळलं नाही म्हणून डब्यात बसून कडवट झालेला.

माझा तोडगा साधा आहे. पुठ्ठ्याच्या मागे बाबांनी बॉलपेनने दादाचं नाव लिहिलंय. तो पुठ्ठा फ्रेम करून शोकेसमध्ये, आणि जो भाचीच्या हातात. जपण्यासारखं ते अक्षर आहे. जो तर बाबांनी खेळायलाच आणला होता.

दादा अजून 'हो' म्हणालेला नाही. पण काल रात्री त्याचा मेसेज आला : 'ती रबरी रिंग कुठे मिळते गं?'