जुनी शिट्टी, नवा नियम

लहान मुले खेळायला जमली, की सर्वांत आधी नियम ठरवतात. वाडीतल्या मोकळ्या जागेत दोन-दोन चपला ठेवून गोल मांडले जातात आणि चेंडूला पाय लागण्यापूर्वीच ‘तीन कॉर्नरला एक पेनल्टी’, ‘विहिरीत चेंडू घालवील त्यानेच तो काढायचा’ असे कायदे एकमताने संमत होतात. भिडू कमी पडले, की नियम बदलतो. अंधार पडू लागला, की ‘आता शेवटचा गोल जिंकेल’ अशी दुरुस्ती होते. या बदलांविषयी सहसा कुणी कुरकुर करीत नाही. कारण तो बदल खेळ चालू राहावा म्हणून केलेला असतो आणि तो सर्वांना आधी सांगितलेला असतो.

मैदानाला चुन्याच्या रेषा आल्या, पंचाच्या गळ्यात शिट्टी आली, की हे स्वातंत्र्य संपते. १९८९ सालापासून मी वसई परिसरातील मुलांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहत आलो आहे. पोटापाण्यासाठी शिक्षकी केली, शनिवार-रविवार मात्र मैदानाला दिले. लोकांची समजूत अशी, की पंचाला त्रास होतो तो प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचा. तो होतो, नाही असे नाही. पण त्याची सवय होते. ज्याची सवय होत नाही, ती गोष्ट निराळीच आहे. आपण ज्या नियमाच्या आधाराने उभे राहिलो, तोच एके दिवशी बदलतो, आणि तो बदल मुलांपर्यंत पोहोचविणारा शेवटचा माणूस आपणच असतो.

फुटबॉलचे कायदे ठरविणारे मंडळ १८८६ साली स्थापन झाले. आज इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांना त्यात प्रत्येकी एक मत आहे आणि फिफा या जागतिक महासंघाला चार. आठांपैकी सहा मते पडल्याशिवाय कायद्यातला शब्दही हलत नाही. इतके जड दार असूनही ते वेळोवेळी उघडले गेले आहे. १९२५ साली ऑफसाइडसाठी तीन प्रतिस्पर्ध्यांऐवजी दोन पुरेसे ठरले. १९९२ साली, सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, असा नियम झाला. मी शिट्टी हाती घेतली त्या काळात आघाडीवर असलेला संघ चेंडू गोलरक्षकाकडे मागे देई, तो हातात घेई, पुन्हा सोडी, आणि प्रेक्षक जांभया देत. तो प्रकार या एका नियमाने थांबला. २०१६ साली तर संपूर्ण कायदेपुस्तकच नव्याने लिहिले गेले. सुमारे २२,००० शब्दांचा मजकूर १२,००० शब्दांवर आला. सामना सुरू करताना चेंडू पुढेच मारला पाहिजे हे बंधन तेव्हाच गेले. २०१९ साली बदलांची एक मोठी मोळीच आली.

नियम वाचून समजायला एक संध्याकाळ पुरते. तो डोळ्यांना, पायांना आणि श्वासाला समजायला अख्खा मोसम लागतो. गोल किकचेच उदाहरण घ्या. पूर्वी हा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर गेल्याखेरीज खेळात आला असे मानीत नसत. आत कुणी त्याला स्पर्श केला, की शिट्टी वाजवून किक पुन्हा घ्यावी लागे. २०१९ पासून चेंडू मारला गेला आणि तो स्पष्टपणे हलला, की खेळ सुरू. बदल एवढाच. पण ३० वर्षे माझी नजर त्या क्षेत्राच्या रेषेवर खिळलेली, आणि आत कुणाचा पाय पुढे आला की शिट्टीसाठी छातीत श्वास आपोआप भरला जाई. ही सवय मोडण्यासाठी मी त्या पावसाळ्यात सरावाच्या आधी मुलांना ओळीने वीस-वीस गोल किक मारायला लावीत असे आणि स्वतः नुसता पाहत असे. ओठांत शिट्टी आणि तरीही गप्प राहणे, हा माझा सराव होता.

काही बदलांचे मुलांनी लगेच स्वागत केले. थांबलेला खेळ पुन्हा सुरू करताना पंच चेंडू जमिनीवर टाकतो. त्यासाठी पूर्वी दोन्ही संघांचे खेळाडू समोरासमोर उभे राहत, आणि चेंडूपेक्षा एकमेकांच्या नडग्याच अधिक फुटत. २०१९ च्या बदलाने ज्या संघाने चेंडूला शेवटचा स्पर्श केला त्याच्याच एका खेळाडूला तो मिळू लागला, बाकीच्यांनी चार मीटर दूर राहायचे. हे मुलांना एका वाक्यात पटले. त्याच वर्षी पंचाला प्रशिक्षकालाही पिवळे आणि लाल कार्ड दाखविण्याचा अधिकार मिळाला. तो बदल मुलांना जरा जास्तच आवडला, हे येथे नमूद केले पाहिजे!

परंतु हाताला लागलेल्या चेंडूचा नियम असा एका वाक्यात पटणारा नव्हता. पूर्वी पंचाने पाहायचा तो हेतू. हात जाणूनबुजून लावला असेल तर अपराध, चुकून लागला असेल तर नाही. २०१९ च्या बदलाने त्याला एक अपवाद जोडला. आक्रमण करणाऱ्या खेळाडूच्या हाताला चेंडू चुकून जरी लागला आणि त्यातून गोल झाला, तरी तो गोल धरायचा नाही. फुटबॉलमध्ये हाताने केलेला गोल नको, एवढेच त्यामागचे तत्त्व. बारीक भिंगाने पाहिले तर ते न्याय्य आहे. पण १३ वर्षांच्या मुलाकडे भिंग नसते.

त्याच वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती. आयोजकांनी नव्या नियमांचे एक पत्रक छापून प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला दिले होते. उपान्त्य सामन्यात शेवटची दहा मिनिटे उरली होती आणि गोलफलक कोराच होता. उजवीकडून आलेला चेंडू गोलखांबावर आपटला, उलट उसळला आणि वळत असलेल्या एका मुलाच्या कोपराला लागून जाळ्यात गेला. मुले एकमेकांच्या गळ्यात पडली. मी शिट्टी वाजवून विरुद्ध संघाला फ्री किक दिली.

तो मुलगा माझ्याकडे धावत आला नाही, चालत आला. म्हणाला, “सर, मी मुद्दाम हात लावला नाही.”

“मला माहीत आहे. तू मुद्दाम लावला नाहीस.”

“मग गोल का नाही?”

त्या ‘मग’ला मैदानात उभ्या-उभ्या उत्तर नव्हते. मी त्याला नियम सांगितला. पण भोवतीच्या गलक्यात ते शब्द त्याच्यापर्यंत कितपत पोहोचले असतील? रेषेबाहेरचे मोठे लोक ‘आमच्या वेळी’च्या नियमाने ओरडत होते, आणि त्यांच्या वेळच्या नियमाने ते अगदी बरोबर होते. त्याचा संघ पेनल्टी किकवर हरला. प्रशिक्षकाच्या खिशातले पत्रक घडी न उलगडता तसेच होते, हे नंतर कळले.

सामना आटोपल्यावर मुलाचे वडील मला येऊन भेटले. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, “सर, शंभर माणसांसमोर माझा मुलगा लबाड ठरला. तो तसा नाही.” मी म्हणालो, “मी त्याला लबाड म्हटले नाही, त्याला कार्डही दाखवले नाही. नियम बदलला आहे. गोलाच्या बाबतीत आता त्याच्या मनात काय होते हे पाहायचे नसते.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे त्याला खेळायच्या आधी कुणी सांगितले होते?”

हा प्रश्न अनेक वर्षे माझ्यासोबत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण ‘हात लावला’ हा शब्दप्रयोग फसवणुकीच्या अर्थाने वापरीत आलो. पुस्तकातला अर्थ एका बैठकीत बदलला. माणसांच्या मनातला तसाच राहिला. या दोहोंच्या मधल्या फटीत ते पोर सापडले. व्यावसायिक खेळाडूंसाठी नियम बदलला, की बैठका होतात, चित्रफिती दाखवतात. गावच्या मैदानावरच्या मुलाला मात्र कित्येकदा नवा नियम पहिल्यांदा भेटतो तो शिक्षा म्हणूनच.

तीनचार आठवडे तो मैदानावर फिरकला नाही. मग एके रविवारी आला आणि म्हणाला, “सर, तो नियम मला बघायचाय.” मी पुस्तकाचे पान काढून दिले. त्याने ओळीवर बोट ठेवून ते दोनदा वाचले. मग म्हणाला, “म्हणजे माझी चूक नव्हती, पण गोलही नव्हता.” जे मला मैदानात सांगायचे होते ते त्याने माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले. पुढे २०२१ साली त्या नियमाला मुरड पडली. एकाच्या हाताला चेंडू चुकून लागला आणि गोल दुसऱ्या सहकाऱ्याने केला, तर तो गोल ग्राह्य ठरू लागला. ज्याच्या हाताला लागला त्याने स्वतः केलेला मात्र अजूनही नाही. ही बातमी मला आधी दिली ती त्याच मुलाने. “सर, आपला नियम बदलला,” असे तो म्हणाला. ‘आपला’ हा शब्द ऐकून मला फार बरे वाटले.

आयोजकांनीही त्या प्रसंगानंतर रीत बदलली. आता सामन्याआधी दोन्ही संघांतली झाडून सारी मुले मध्यरेषेवर बसतात आणि पंच त्यांना त्या मोसमातले बदल चेंडू हातात घेऊन करून दाखवतो. पाच मिनिटे जातात. पालकांनाही रेषेबाहेर उभे राहून ऐकता येते, आणि त्यांनी ते ऐकावे अशी माझी त्यांना कळकळीची विनंती असते.

२०२३ साली पुतणीकडे अमेरिकेत न्यू जर्सीला गेलो असता तिच्या नऊ वर्षांच्या मुलाचा सामना पाहण्याचा योग आला. तेथे १० वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई आहे. डोक्याच्या दुखापतींवरून पालकांनी न्यायालयात धाव घेतल्यावर २०१५ साली तेथील संघटनेने हा निर्णय जाहीर केला. इंग्लंडमध्येही २०२४-२५ च्या मोसमापासून सर्वांत लहान गटांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने असाच नियम आणला गेला. ज्यांनी आयुष्यभर हेडरवर टाळ्या वाजवल्या, त्यांना हे पचणे कठीण. मलाही तो सामना पाहताना मान आवरावी लागत होती.

पंच होती पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी. एका पोराने उंच आलेला चेंडू सवयीने डोक्यावर घेतला. तिने शिट्टी वाजवली, त्याच्याजवळ गेली, स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दोन वाक्ये बोलली, आणि मग अप्रत्यक्ष फ्री किकसाठी हात वर केला. पोराने मान डोलावली व पळाला. रेषेबाहेर दोन बाप्ये हातवारे करीत राहिले. “काका, ती मुलगी घाबरत नाही का?” पुतणीने विचारले. मला वाटते, तिला घाबरण्याचे कारण नव्हते. तिला जुनी सवय मोडायची नव्हती. तिच्यासाठी नियम एकच होता, आजचा. तिच्या वयाकडे पाहून मला क्षणभर हेवा वाटला.

परंतु जुन्या पंचाजवळही काही असते. नियम का बदलला, हे तो सांगू शकतो, कारण त्याने आधीचे दिवस पाहिलेले असतात. फुटलेल्या नडग्या पाहिल्या आहेत म्हणून तो चार मीटरचे अंतर समजावू शकतो. जांभया पाहिल्या आहेत म्हणून १९९२ चा नियम गोष्टीसारखा सांगू शकतो. मुलांना नियमाचे कारण कळले, की तो त्यांना लादलेला वाटत नाही.

१ जुलै २०२५ पासून आणखी एक बदल लागू झाला आहे. गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांहून अधिक काळ ठेवला, तर प्रतिपक्षाला कॉर्नर किक मिळते. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची. ती इतकी क्वचित दिली जाई, की मुलांना असा नियम आहे हेच ठाऊक नसे. नव्या नियमात एक तरतूद मला विशेष भावली. शेवटची पाच सेकंदे पंचाने हात उंच करून, सर्वांना दिसतील अशी बोटांवर मोजायची. म्हणजे शिक्षा देण्यापूर्वी सूचना देणे हे आता पंचाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. ते नियमातच लिहिलेले आहे.

हल्ली मी हात वर केला, की रेषेबाहेर बसलेली छोटी पोरे मोठ्याने मोजू लागतात, “पाच, चार, तीन...” आणि गोलरक्षक, मग तो कोणत्याही संघाचा असो, चेंडू सोडून देतो. या मोसमात आमच्या मैदानावर त्या नियमाखाली कॉर्नर किक द्यावी लागलेली नाही.