ढगांचं घर, पण कुणाच्या भाषेत?

मुलांनो, 'मेघालय' म्हणजे काय, असं मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी विचारते. उत्तर चटकन येतं. मेघ अधिक आलय, म्हणजे ढगांचं घर! हिमालय, विद्यालय हे शब्द येणाऱ्यांना त्यात अवघड ते काय? किती सोपं नाव, असं मलाही वाटायचं. पण हे नाव सोपं कुणाला, ते तिथे गेल्यावर कळलं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षिका गुवाहाटीला उतरलो आणि सुमोने शिलाँगकडे निघालो. साधारण शंभर किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. वाटेत 'उमियम' नावाचा मोठा जलाशय लागला. ड्रायव्हरदादा म्हणाले, "खासी भाषेत 'उम' म्हणजे पाणी."

दुसऱ्या दिवशी चेरापुंजी! आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं लाडकं गाव. बंगालच्या उपसागरावरून येणारे ओले वारे बांगलादेशाचं सपाट मैदान ओलांडतात आणि एकदम या डोंगरांना धडकतात. समोर सुमारे १३०० मीटरची भिंतच! मग वारे वर चढतात, थंड होतात आणि धो धो कोसळतात. इथे आणि जवळच्या मॉसिनरामला वर्षाला सरासरी ११ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट! शेतात वाकून काम करणारी माणसं पाठीवर बांबू आणि पानांचं 'क्नुप' घेतात. ते बघून मी ओरडलेच, "अगंबाई, हे तर आपलं कोकणातलं इरलं!"

रस्त्याकडेच्या टपरीत आम्ही लाल चहा घेत होतो. एक ढग खुशाल दारातून आत आला. टपरीवाल्या मावशींची मुलगी सहावी-सातवीतली असेल. तिला हिंदी बरं येत होतं. माझ्यातली बाई जागी झाली. विचारलं, "तुझ्या राज्याच्या नावाचा अर्थ सांगशील?"

"ढगांचं घर. शाळेत शिकवलं," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्या भाषेत ढगाला मेघच म्हणतात."

ती जरा थांबली. म्हणाली, "आमच्या भाषेत ढगाला 'ल्योह' म्हणतात. पावसाला 'स्लाप'. आणि या गावाला 'सोहरा'."

चहाचा घोट घशातच राहिला! तिच्या राज्याचं नाव मला आपोआप कळत होतं, आणि तिला ते पाठ करावं लागलं होतं.

खरी हकिगत अशी. 'मेघालय' हे नाव फार जुनं नाही. भूगोलाचे अभ्यासक शिबप्रसाद चॅटर्जी यांनी १९३० च्या दशकात या पठारासाठी ते सुचवलं. हा भाग तेव्हा आसामात होता. १९७० मध्ये त्याला आसामातच स्वायत्तता मिळाली आणि २१ जानेवारी १९७२ ला मेघालय हे पूर्ण राज्य झालं. इथे मुख्यतः तीन समाज राहतात, खासी, जयंतिया आणि गारो. जयंतिया स्वतःला 'पनार' म्हणतात, गारो स्वतःला 'आचिक' म्हणतात. खासी आणि गारो या भाषा तर अगदी वेगळ्या कुळांतल्या. एकाच्या भाषेतलं नाव घेतलं तर दुसरा रुसणार! ढग मात्र तिघांच्याही डोंगरांवर उतरतात. म्हणून मला हे नाव चुकीचं वाटत नाही. पण मिझोराम बघा. 'मिझो' लोकांचा 'राम' म्हणजे प्रदेश. नाव त्यांच्याच भाषेतलं. आपल्या रामाशी त्याचा काही संबंध नाही बरं का!

आणि चेरापुंजी? मूळ नाव सोहराच. इंग्रजांना ते नीट म्हणता आलं नाही, आणि बिघडलेलं नाव जगभर झालं.

परतताना गाडीत मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. ऊसतोडीसाठी आलेल्या घरातली. तिच्या आईने सांगितलेलं नाव मला अशुद्ध वाटलं, म्हणून हजेरीत मी ते 'शुद्ध' करून लिहिलं होतं. हाक मारली की ती पटकन ओ द्यायची नाही. मला वाटायचं, लक्ष नसतं हिचं!

शाळा उघडल्यावर मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुला घरी काय म्हणतात गं?" ती लाजली, मग हळूच नाव सांगितलं. मी दोनदा चुकले, तिने दोनदा दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याच नावाने हाक मारली, आणि वर्गात सगळ्यांत मोठा 'हजर' तिचा आला!