चिंचेचे मूळ

आमच्या शाळेच्या आवारात कुंपणालगत एक जुनी चिंच आहे. तिच्या सावलीत मुलांना बसवून आम्ही कित्येक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकविले. परंतु तिच्याविषयीच आमचे ज्ञान किती अपुरे होते, हे एका विद्यार्थ्याने आम्हांस दाखवून दिले. ती हकीकत येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे शिंबावंत कुल फार विस्तीर्ण असून त्यात सुमारे १९,५०० जाती आहेत. आम्ही शिकलो तेव्हा त्याची तीन उपकुले मानीत असत. पळस, पांगारा, करंज यांची फुले फुलपाखरासारखी, म्हणून ते पलाश उपकुलात. बाभूळ, खैर, शिरीष यांना केसरांचे गोंडे अथवा तुरे येतात, म्हणून ते शिरीष उपकुलात. आणि बहावा, गुलमोहर, आपटा व चिंच संकेश्वर उपकुलात. हवेत नत्रवायू शेकडा ७८ भाग असूनही झाडास तो परस्पर घेता येत नाही. शेंगेच्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतील सूक्ष्मजंतू तो वायू धरून झाडास पुरवितात, आणि पाने गळून कुजली म्हणजे भूमीचा कस वाढतो, असे आम्ही सरसकट सांगत असू.

एका सहामाही परीक्षेत आम्ही विचारले, 'चिंचेच्या मुळांवरील गाठींचा उपयोग सांगा.' एका मुलाने एवढेच लिहिले, 'चिंचेच्या मुळांवर गाठी नसतात.' आम्ही तांबड्या शाईने शून्य दिले व वर शेरा मारला, 'पाठ नीट वाचावा.'

दुसऱ्या दिवशी तो मुलगा ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपे घेऊन आला. चार चिंचेची होती, दोन करंजाची. करंजाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने फोडताच आत तांबूस रंग दिसला. चिंचेची मुळे मात्र अगदी स्वच्छ. 'सर, दोन्ही रोपे एकाच कुंपणाजवळची आहेत,' तो खाली मान घालून म्हणाला. जमिनीत सूक्ष्मजंतूच नसतील, ही सबब आमच्या ओठांवर आली होती. त्या एका वाक्याने ती तेथेच राहिली.

त्या रात्री आम्ही नवे ग्रंथ चाळले. २०१७ साली जगातील तज्ज्ञांनी या कुलाची फेरमांडणी करून तिनांची सहा उपकुले केली, असे त्यांत आढळले. शिरीषाचा परिवार संकेश्वर उपकुलात सामावला गेला. आपटा व कांचन यांचे निराळे उपकुल झाले. आणि आमची चिंचही वेगळ्या घरी गेली. मुळांवरील गाठी पलाश व संकेश्वर या दोनच उपकुलांत आढळतात, आणि तेथेही सर्वांस नाहीत. बहाव्यास त्या नसतात. फुलाचे रूप पाहून आम्ही जे नाते जोडले होते, ते मुळाने मानले नव्हते.

चिंचेच्या बाबतीत असा घोटाळा नवा नाही. अरबांनी तिला हिंदी खजूर म्हटले. लिनिअसने १७५३ साली तिच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' हा शब्द घातला. पण तिचे मूळ घर उष्ण कटिबंधातील आफ्रिका होय. आमच्याकडे ती इतकी जुनी झाली की कोणी तिला परकी म्हणत नाही.

सकाळी आम्ही वर्गासमोर ते शून्य खोडून पूर्ण गुण मांडले आणि चूक आमची होती असे सांगितले. हे सांगताना जीभ जड झाली, हे नाकारीत नाही. वर्ग शांत होता. तो मुलगा मात्र खिडकीबाहेर पाहत होता.

तेव्हापासून दर पावसाळ्याअखेर आम्ही मुलांना घेऊन कुंपणाशी जातो. प्रत्येकाने एक रोप हलक्या हाताने उकरावे, मुळे धुवावी, दिसेल ते वहीत लिहावे आणि रोप पुन्हा लावावे, असा नियम आहे. धडा त्यानंतर वाचावयाचा.