शब्द विसरली तर...

परवा भाचीकडे तिचा गाण्याचा क्लास ऐकत बसले होते. ती जाझ शिकवते. एक मुलगी मध्येच शब्द विसरली. मी सवयीने कपाळाला हात लावला, पण भाची ठेका धरून म्हणाली, "थांबू नकोस, काहीही गा, फक्त लय सोडू नको." पोरगी 'दू-बा-दू' करत गेली आणि बरोब्बर समेवर आली! (सम हा आपला शब्द हं.)

मग भाचीने एला फिट्झगेराल्ड ऐकवली. १९६० साली बर्लिनच्या भर कार्यक्रमात ही बाई 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरली, स्वतःचेच रचून गात राहिली, आणि त्या ध्वनिमुद्रणाला चक्क ग्रॅमी मिळालं.

मी २९ वर्षं शाळेत मराठी आणि गाणं शिकवलं. एका गॅदरिंगला माझी विद्यार्थिनी दुसऱ्या कडव्याला अडली. बावरली नाही, आकारात चाल पुढे नेली. टाळ्याही पडल्या. मी मात्र विंगेत सगळ्यांसमोर तिला बोलले, "पाठांतर नसेल तर गाऊ नये." पुढे शाळा सुटेपर्यंत ती गायला उभी राहिली नाही.

भाचीला हे सांगायचा धीर झाला नाही. म्हणून इथे लिहितेय.