बाळंतपण करणारा

मराठीत बाळंतपण होतं एकीचं आणि ते करते दुसरीच. "सुनेचं बाळंतपण मी केलं," असं सासू सहज सांगते. शेक, धुरी, अळिवाची खीर, जागरण हे सगळं त्या 'केलं'मध्ये येतं. पुरुष त्या क्रियापदाचा कर्ता सहसा नसतो. पहिलटकरीण माहेरी जायची आणि बाप बारशाला पाहुण्यासारखा यायचा.

आमची मुलगी 2018 साली बडोद्यात झाली. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या आणि माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. त्यात सिझेरियन. करणारा मीच होतो.

दादा पोस्टात आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन मुलांच्या वेळी पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेतली नाही, तर बुडते. त्याच्या वेळी वहिनी अमरावतीला माहेरी होती. दादा तीन दिवस बारशाला जाऊन आला आणि उरलेल्या दिवसांत त्याने घराला रंग दिला.

मी खासगी कारखान्यात, स्टोअरला. 2017च्या दुरुस्तीने आईची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. बापाच्या रजेची तरतूद त्यात आली नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं, पण त्याचा कायदा झाला नाही. मग उरली हक्काची रजा: वीस दिवस कामाला एक दिवस. मी आठ दिवस मागितले, म्हणजे एकशे साठ दिवसांची कमाई. कारणाच्या रकान्यात गुजरातीत लिहिलं, 'पत्नीनी सुवावड'. साहेब हसले. "सुवावड तिची, रजा तुला कशाला?" टाइमकीपरने हळूच सुचवलं, 'आजारपण' लिही. मी खोडलं नाही. पाच दिवस मंजूर झाले. त्यातले तीन दवाखान्यातच गेले.

उरलेल्या दोन दिवसांत, टाके ओढू न देता तिला कुशीवरून कसं उठवायचं, हे हाताला कळलं. शेजारच्या काकींनी पाय पसरून बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला शिकवलं. लंगोट वाळायला बडोद्याचं ऊन पुरायचं, एवढंच सोपं होतं.

सहाव्या दिवशी कामावर गेलो. उशाशी पाणी, झाकलेलं ताट, फोन ठेवून. अकराला फोन वाजला. ती काही बोलली नाही, नुसता फोन पाळण्याच्या दिशेने धरला. बाळ किंचाळत होतं आणि तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. मी गेटपास घेऊन निघालो. अर्धा दिवस कापला गेला.

डिसेंबर 2020मध्ये ॲडलेडला छत्तीसात संघ गारद झाला आणि कोहली बाळंतपणासाठी घरी परतला, तेव्हा कॅन्टीनमध्ये दोन तट पडले. (पुढे रहाणेने मालिका जिंकून दिली, म्हणून बरं.) साहेब कोहलीच्या बाजूने होते.

गेल्या महिन्यात स्टोअरचा एक नवा मुलगा रजेचा अर्ज घेऊन आला. कारण काय लिहू, विचारत होता. मी त्याला आधी विचारलं, घरी करायला कोण आहे?